द्वादशीच्या ओहोटीतले रोहित

मुलुंड पूर्वेतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले, की मिठागरांच्या पलीकडे ठाण्याच्या खाडीची एक करडी पट्टी दिसते. या घरात येऊन मला सतरा वर्षे झाली. एवढ्या काळात त्या पट्टीशी आमचा संबंध आला तो पावसाळ्यातील कुबट वाऱ्यापुरता आणि संध्याकाळच्या डासांपुरता. रोहित पक्षी, ज्यांना मुंबईत सगळे सरसकट फ्लेमिंगोच म्हणतात, दर हिवाळ्यात त्या पाण्यावर हजारोंनी उतरतात, हे वाचून माहीत होते. परंतु त्यासाठी एखादा रविवार मोकळा ठेवावा असे कधी वाटले नव्हते. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरच्या वस्तीत विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मरून पडले, तेव्हा आमच्या पाचवीतल्या मुलाने वर्तमानपत्रातील छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे इथेच येतात ना? मग आपण जिवंत कधी बघितले?" मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. पुढच्या जानेवारीत मात्र आम्ही निघालो.

पहिली खेप फुकट गेली आणि त्याला सर्वस्वी आम्हीच जबाबदार होतो. राणीच्या बागेत जावे तसे आम्ही रविवारी न्याहारी उरकून, डबा भरून, रिक्षाने ऐरोली पूल ओलांडून साडेदहाच्या सुमारास किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोहोचलो. खाडीतील बोटफेरी येथूनच सुटते. चौकशीच्या खिडकीवरील बाईंनी नम्रपणे सांगितले, की आता पूर्ण ओहोटी आहे, पाणी चढल्याशिवाय बोट हलणार नाही आणि दुपारच्या फेरीतील सगळ्या जागा आधीच भरलेल्या आहेत. फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात, भरतीनुसार ठरतात आणि आगाऊ नोंदणी करावी लागते, हे त्यांनी ज्या सहजतेने सांगितले, त्यावरून दिवसातून किती जणांना हे सांगावे लागत असेल याची कल्पना आली. केंद्रातील माशांच्या टाक्या पाहून, कांदळवनाच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडीच्या, कडेने थोडे फिरून आम्ही परतलो. खाडीच्या जागी तेव्हा क्षितिजापर्यंत चिखल होता आणि त्या चिखलाच्या पार टोकाला काही ठिपके हलत होते. ते रोहित होते की बगळे, हे आमच्या साध्या डोळ्यांना कळले नाही.

घरी आल्यावर हा वृत्तांत ऐकून मामंजी चक्क हसले. माझे सासरे मूळचे अलिबागकडील किनाऱ्यावरचे. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाताना ओहोटीच्या वेळी गाळात अडकून बसण्याचा अनुभव त्यांनी इतक्यांदा घेतलेला आहे, की भरती-ओहोटीची वेळ पाहण्यासाठी त्यांना कोणतेही अॅप लागत नाही. त्यांना कालनिर्णय पुरते. "अगं, तिथीची पाऊणपट करायची," ते म्हणाले, "आज वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती, पहाटेही आणि दुपारीही. मग दहाला तुला पाणी कुठून दिसणार?" हा हिशोब मी त्यापूर्वी ऐकलेला नव्हता. चंद्रामुळे भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि पंधरवड्याने तेच चक्र पुन्हा सुरू होते. त्या पन्नास मिनिटांचा पाऊण तास धरून जुन्या माणसांनी हा सोपा गुणाकार बसवला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहिले तर त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण घरातून कधी निघावे हे ठरवायला तो हिशोब पुरेसा आहे. पुनवेला आणि अवसेला उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढणार कमी आणि उतरणारही कमी, हेही त्यांनी ओघात सांगितले.

त्यानंतर कॅलेंडर घेऊन आम्ही तिघे बसलो. रोहित पाहायचे तर पाणी कसे असावे, याचा विचार करताना माझ्या लक्षात आले, की भरपूर पाणी असलेली वेळ चांगली हा माझा समज साफ चुकीचा होता. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो. रोहितांचे खाणे त्या चिखलात आणि त्यावरील वीतभर पाण्यात असते; ते बुडाले की थवे उठतात आणि नवी मुंबईच्या बाजूला असलेल्या पाणथळ जागांत व तलावांत जाऊन विसावतात. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा असतो, पक्षीही खाली असतात, परंतु बोट त्यांच्यापर्यंत जाऊ शकत नाही. तेव्हा भरती होऊन पाणी उतरू लागलेले असावे, काठाचा चिखल नुकता वर येत असावा आणि मधल्या प्रवाहात बोटीपुरते पाणी शिल्लक असावे, अशी दीड-दोन तासांची फट तेवढी उपयोगाची. ती फट रविवारी, सकाळच्या उन्हात आणि मुलाची शाळा नसताना यायला हवी. माघ शुद्ध द्वादशीला रविवार होता. बाराची पाऊणपट नऊ, त्यात अर्धा तास मिळवून साडेनऊ. मी केंद्राकडे चौकशी केली, तर अकराच्या फेरीत जागा होती. मामंजींनी यावर काही म्हटले नाही. फक्त चष्मा काढून पुसला. त्यांचेही नाव मी त्या फेरीत घातले.

त्या रविवारी आम्ही मुद्दाम साडेनऊलाच पोहोचलो. खाडी काठोकाठ भरली होती आणि पंधरा-वीस दिवसांपूर्वी जेथे चिखल पाहिला होता तेथे संथ, मातकट पाणी हलत होते. धक्क्यापासून थोड्या अंतरावर कोळ्यांनी रोवलेला एक खुंट होता, त्याचे वीतभर टोक तेवढे पाण्यावर दिसत होते आणि त्यावर एक छोटा पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. बोटीला दीड तास अवकाश होता, म्हणून आम्ही कांदळवनातून जाणाऱ्या पायवाटेने निघालो.

येथे सगळ्यांत जास्त दिसते ते तिवर. त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात, कारण त्या गाळात हवा जवळजवळ नसते आणि मुळांना श्वास बाहेरून घ्यावा लागतो. केंद्रातील एका तरुण मार्गदर्शकाने तिवराचे एक पान मुलाच्या हातात दिले आणि जिभेला लावून बघायला सांगितले. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग पानावरून जीभ फिरवली आणि तोंड वाकडे केले. पान खारट होते. खाऱ्या पाण्यातून शोषलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पान उन्हात तिरपे धरले, की त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. मीही पान चाटून पाहिले. सतरा वर्षे ज्या हिरव्या पट्ट्याला मी "ती झुडपे" म्हणत आले, त्याची चव मला त्या दिवशी कळली.

पायवाटेच्या कडेला, पाणी नुकतेच ओसरलेल्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. ओल्या त्वचेतून आणि कल्ल्यांच्या कप्प्यात धरून ठेवलेल्या पाण्याच्या आधारे श्वास घेतो आणि पुढच्या परांवर रेलून सरपटतो. त्याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात, त्यामुळे तो कायम आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसतो. मुलगा त्यांच्यातील भांडणे पाहण्यात गुंगला. मामंजींना मात्र निवट्यांचे कालवण आठवले आणि त्यांनी ते मार्गदर्शकाला साग्रसंगीत सांगितले. तो मुलगा जवळच्याच कोळीवाड्यातील निघाला, त्यामुळे अभयारण्याच्या दारात कालवणाची चर्चा निघाल्याचे त्याला काहीच वाटले नाही. "आजोबा, आमच्या आजीच्या हातची खायला पाहिजे होती तुम्ही," तो म्हणाला, आणि पुढची दहा मिनिटे दोघे आंबट कशाचे घालावे यावर बोलत राहिले.

या कांदळवनात कोल्हेही आहेत. आम्हाला कोल्हा दिसला नाही. ओल्या गाळात उमटलेले त्याचे ठसे दाखवण्यात आले, ते कुत्र्याचे नव्हेत हे मी विश्वासाने मान्य केले.

अकराला आम्हाला लाइफ जॅकेट देण्यात आले आणि बोटीत बसवण्यात आले. निघण्यापूर्वी मार्गदर्शकाने दोनच सूचना दिल्या: उभे राहायचे नाही आणि ओरडायचे नाही. पहिली सूचना सगळ्यांनी पाळली. बोट दक्षिणेकडे निघाली. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचा हा पट्टा २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग कांदळवनाचा आणि उरलेला पाण्याचा आहे. मालवणनंतर राज्यातील हे दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, जो त्यापूर्वी महाराष्ट्रात फक्त नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांना मिळालेला होता. हे सारे मार्गदर्शक सांगत असताना आमच्या एका बाजूला विजेच्या तारांचे उंच मनोरे होते, दुसऱ्या बाजूला इमारतींची रांग होती आणि तिवरांच्या खालच्या फांद्यांवर, भरतीच्या रेषेच्या उंचीवर, प्लास्टिकच्या पिशव्या ओळीने लटकलेल्या होत्या. मोठ्या भरतीचे पाणी कोठवर चढते हे मोजायला त्यापेक्षा नेमकी खूण शोधून सापडणार नाही.

सुरुवातीला कुरव, म्हणजे सीगल, आले. बोटीमागे चाळीस-पन्नास कुरव उडत राहिले, कारण काही ठिकाणी लोक त्यांना शेव-फरसाण टाकतात आणि त्यांना ती सवय लागलेली आहे. आमच्या बोटीत कोणालाही काही टाकू दिले गेले नाही, तेव्हा थोड्या वेळाने ते निराश होऊन गेले. एक समुद्री बगळा काठावर मान आखडून उभा होता. शेकाट्यांची एक रांग लाल, काडीसारख्या पायांवर तोल सावरत चालली होती, आणि त्यांच्या पलीकडे तुतारी आणि चिखल्या जातीचे लहान पक्षी इतक्या संख्येने गाळ टोचत होते, की जमीनच थरथरते आहे असे वाटावे. या लहान पक्ष्यांतील बरेचसे मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूने येतात. रोहितांचे कौतुक सगळेच करतात. पण ओंजळीत मावणारा तुतारीसारखा पक्षी हिमालय ओलांडून ऐरोलीच्या चिखलात येतो, ही गोष्ट मला व्यक्तिशः जास्त अचाट वाटते. त्यांच्याकडे बोटीतील एकाही कॅमेऱ्याचे तोंड वळले नाही.

पुढे एका वळणावर, उघड्या पडू लागलेल्या चिखलाच्या कडेला, मला पांढरट रंगाचा एक लांब पट्टा दिसला. खाडीत येताना थर्मोकोलचे बरेच तुकडे तरंगताना पाहिले होते, म्हणून हाही तसलाच कचरा वाहून येऊन काठाला लागला असावा असे मी गृहीत धरले आणि नजर दुसरीकडे वळवली. मामंजींनी दुर्बीण माझ्या हातात दिली. तो कचरा नव्हता, ते रोहित होते. अशा वेळी मनात जे व्हायला हवे असते ते माझ्या मनात झाले नाही. मला पहिल्यांदा वाटली ती किंचित फसगत, कारण छायाचित्रांत पाहिलेला गर्द गुलाबी रंग तेथे नव्हता. थव्यात पिल्लेही होती, राखाडी-पांढरी. ती उडत येथवर येतात, पण रंग चढायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात. मोठ्या पक्ष्यांचा रंगही अन्नावर ठरतो. पाण्यातील सूक्ष्म शैवालात आणि त्यावर जगणाऱ्या जीवांत जी कॅरोटिनॉइड द्रव्ये असतात, त्यांतून तो पिसांत उतरतो.

तांडेलाने इंजिन मंद केले आणि शेवटी बंद केले. पाण्याच्या ओढीने बोट आपोआप पुढे सरकत होती. अंतर कमी झाले तसा त्या पांढऱ्या पट्ट्याचा रंग बदलत गेला: आधी सायीसारखा, मग फिकट गुलाबी, आणि मग दुर्बिणीतून एकेका पक्ष्याच्या पंखाच्या घडीतून डोकावणारी लाल कड दिसू लागली. येथे दोन जाती एकत्र दिसतात. छोटा रोहित संख्येने खूपच जास्त, चोच काळपट लाल. मोठा रोहित त्याच्या दीडपट उंच, रंगाने अधिक पांढरा, गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे. मुलाने पाच मिनिटांत त्यांच्यातील फरक पकडला, मला त्याहून थोडा अधिक वेळ लागला.

ते सगळे खात होते. मान खाली, चोच उलटी, वरचा जबडा खाली आणि खालचा वर, अशा स्थितीत ते चोच पाण्यात धरून पुढे चालत होते. चोचीच्या आतील कडांना कंगव्यासारख्या बारीक पट्ट्या असतात. जाडजूड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत घेते, बाहेर लोटते आणि शैवाल त्या चाळणीत अडकते. पुस्तकात हे एका वाक्यात वाचून होते. जवळून पाहताना मला जाणवली ती त्यातील घाई. उतरत्या पाण्याच्या पातळ कडेबरोबर सबंध थवा सरकत होता. पाणी दोन हात मागे गेले की हजारो पायही तेवढेच मागे जात. मोठ्या रोहितांपैकी काही जण एकाच जागी पाय आपटत गोल फिरत होते, गाळ ढवळून त्यातील खाद्य वर आणण्यासाठी. आणि इंजिनाचा आवाज थांबल्यामुळे प्रथमच ऐकू आले, की हा थवा गप्प नसतो. बदकांच्या कळपासारखी एक सलग, खालच्या पट्टीतील कुजबुज तेथे चालू असते आणि तिच्याखाली हजारो चोचींतून गाळल्या जाणाऱ्या पाण्याची सुळसुळ असते. मामंजींनी श्रवणयंत्राचा आवाज वाढवला आणि डोळे मिटून घेतले. पक्षी पाहायला आलेला माणूस डोळे मिटून बसलेला पाहून शेजारच्या बाईंना नवल वाटले असावे.

ज्या शैवालावर हे सगळे चालते, ते येथे इतके का माजते, हा प्रश्न मी विचारला. मार्गदर्शकाने आढेवेढे न घेता सांगितले, की दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शैवाल पोसले जाते, आणि खाडीच्या आतील भागात पाण्याची अदलाबदल संथ असल्यामुळे ते टिकते. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलात रोहित दिसू लागले, त्यामागे हेच कारण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. मुंबईकराला हे ऐकून अभिमान वाटावा की लाज, हे ठरवणे अवघड आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जी १८८३ पासून मुंबईत काम करते आहे, अलीकडच्या वर्षांत केलेल्या गणनांत येथील रोहितांची संख्या लाखाच्या वर भरली आहे. मे-जूनमध्ये यांतील बरेचसे गुजरातकडे जातात आणि कच्छच्या रणात वीण करतात. उपग्रहावरून माग ठेवणारी यंत्रे लावलेले काही पक्षीही त्याच दिशेला गेल्याची नोंद आहे.

दुसरी सूचना मोडली गेली ती येथे. मागच्या बाकावरील एका गृहस्थांना पक्षी उडताना हवे होते, म्हणून त्यांनी जोरात टाळी वाजवली. मार्गदर्शक वळला, पण तोवर थव्याची जवळची कड उठली होती. रोहित जागेवरून थेट उडत नाही. तो आधी पाण्यावरून धावतो, पावलागणिक पाणी उडते, आणि मग मान पुढे व पाय मागे ताणून एका सरळ काठीसारखा वर निघतो. बंद पंखांत लपलेला लालभडक रंग आणि काळी किनार तेव्हा एकदम उघडी पडते. दृश्य विलक्षण होते, हे मला कबूल केलेच पाहिजे. माझ्याही हातातील मोबाइल त्या क्षणी वर गेला होता. मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, "साहेब, पाणी उतरतंय तोवरच त्यांचं जेवण. तुम्ही ताटावरून उठवलंत." मुलाने त्या गृहस्थांकडे वळून पाहिले, आणि बोट फिरेपर्यंत तो पाहतच राहिला. मी त्याला तसे टक लावून पाहू नकोस असे सांगितले नाही.

उडालेले पक्षी फार लांब गेले नाहीत. एक वळसा घेऊन ते दोनशे-अडीचशे पावलांवर पुन्हा उतरले आणि काही मिनिटांतच माना खाली गेल्या. परत येताना बोट मधल्या प्रवाहातून जपून चालवावी लागत होती. एके ठिकाणी तांडेलाने बांबूने खोली पाहिली. सकाळी ज्या ठिकाणी नुसते पाणी होते तेथे आता दोन्ही अंगांना ओला, चकचकीत चिखल वर आला होता, त्यावर एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असलेले लहान लहान खेकडे ती नांगी हलवीत बिळांच्या तोंडाशी उभे होते आणि वर एक तांबडी घार घिरट्या घालीत होती.

धक्क्याजवळ येताच मुलाने तो खुंट शोधला. सकाळी वीतभर दिसणारा खुंट आता त्याच्या छातीएवढा उघडा पडला होता आणि खालच्या अंगाला कालवांचा जाड थर चिकटलेला होता. पाणकावळा मात्र अजून टोकावरच होता. मामंजींनी घड्याळ पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "साडेतीनला हा मुळापर्यंत उघडा होईल बघ." मुलाला ते पाहायचे होते. डब्यात थालीपीठ होते, सावलीला बाक होता, आणि घरी जाण्याची कोणालाच घाई नव्हती. म्हणून आम्ही साडेतीनपर्यंत थांबलो.